टॅग लावण्याआधी: वेबसाइट ॲनॅलिटिक्ससाठी टॅगिंगची आखणी

एका वेबसाइटच्या चौकशी फॉर्मचे आकडे सलग काही आठवडे चढत होते. ते आकडे मोजणारा टॅग मीच लावला होता, त्यामुळे मी खूश होतो. मग विक्री सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, "एवढ्या चौकशा येतायत म्हणतोस, मग जातायत कुठे? माझ्याकडे तर नाहीत." उघडून पाहिलं, तर टॅग 'पाठवा' बटणाच्या क्लिकवर बसवलेला. मध्यंतरी फॉर्ममध्ये एक नवा सक्तीचा रकाना आला होता. लोक तो रिकामा ठेवून बटण दाबत, लाल अक्षरांत सूचना येई, ते पुन्हा दाबत. माझ्या रिपोर्टमध्ये प्रत्येक दाबणं ही एक चौकशी होती. फॉर्म जितका त्रासदायक, तितका माझा आकडा देखणा.

टूलमध्ये काहीच बिघाड नव्हता. टॅगला जे सांगितलं होतं, तेच तो इमानदारीने करत होता. 'चौकशी' म्हणजे नेमकं काय, हे मात्र मी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. टॅगिंगचं खरं काम या लिहून ठेवण्यात आहे, म्हणून या लेखाचा मोठा भाग टूल उघडण्याआधीच्या कामाबद्दल आहे.

एक खुलासा आधीच करतो. कोडमधली नावं इथे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत द्यायची. उदाहरणासाठी ऑनलाइन कोर्स विकणारी एक काल्पनिक वेबसाइट धरू: कोर्सची पानं, एक मोफत धडा, चौकशीचा फॉर्म आणि पैसे भरण्याचं चेकआउट. उदाहरणं मुख्यतः गूगल टॅग मॅनेजर (टॅग लावण्याचं टूल) आणि गूगल ॲनॅलिटिक्स ४ (आलेल्या बातम्या मोजून रिपोर्ट दाखवणारं टूल) यांची आहेत. मॅटोमो किंवा अडोबी ॲनॅलिटिक्स वापरणाऱ्यांना शब्द थोडे बदलावे लागतील, विचार तोच राहील.

चार शब्द, घाईघाईत

टॅग म्हणजे पानावर चालणारा कोडचा तुकडा, जो "असं असं घडलं" ही बातमी बाहेर पाठवतो. ट्रिगर म्हणजे तो कधी चालायचा याची अट. व्हेरिएबल म्हणजे बातमीत भरायचा मजकूर: कोर्सचं नाव, किंमत, पानाचा प्रकार. डेटालेयर म्हणजे वेबसाइट आणि टॅग मॅनेजर यांच्यातला निरोप ठेवायचा कोनाडा. वेबसाइट तिथे चिठ्ठी ठेवते, टॅग मॅनेजर ती उचलून ज्याला हवी त्याला पोचवतो. गूगलचा टॅग मॅनेजर २०१२ मध्ये आला. त्याआधी प्रत्येक छोट्या बदलासाठी डेव्हलपरच्या मागे लागावं लागे. ती अडचण सुटली, पण कुणीही उठावं आणि टॅग टाकावा अशी मोकळीकही आली. आजच्या बहुतेक कंटेनरमधला (म्हणजे वेबसाइटचे सगळे टॅग ठेवायच्या डब्यातला) गुंता त्या मोकळिकीतून आलेला आहे.

पहिली पायरी: प्रश्न गोळा करा

बैठकीत "काय काय ट्रॅक करायचं?" असं कधीही विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: सगळं. त्याऐवजी प्रत्येकाला विचारा, "पुढच्या तीन महिन्यांत तुम्हाला कोणता निर्णय घ्यायचा आहे, आणि तो कोणत्या आकड्यावर बदलेल?" हा प्रश्न ऐकून निम्मी खोली गप्प होते, आणि ती शांतता उपयोगाची असते.

आपल्या कोर्सच्या वेबसाइटवर हाताशी येणारे प्रश्न साधारण असे असतील. मोफत धडा पाहिलेले लोक कोर्स विकत घेतात का, की धडाच पाहून निघून जातात? चेकआउटमध्ये लोक कुठल्या टप्प्यावर सोडतात? चौकशी करणारे आधी कोणतं पान वाचून आलेले असतात? या तीन प्रश्नांसाठी सात-आठ इव्हेंट, म्हणजे टॅगने कळवायच्या घटना, पुरतात. त्यापलीकडे "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून जे येतं, ते वेगळ्या यादीत टाका आणि तिथेच राहू द्या. माझ्या अनुभवात त्या यादीकडे परत कुणी फिरकत नाही.

गूगल ॲनॅलिटिक्स ४ काही गोष्टी आपणहून मोजतं: पान उघडणं, पानाच्या ९० टक्के उंचीपर्यंत स्क्रोल, बाहेरच्या दुव्यांवरचे क्लिक, साइटवरचा शोध, फाइल डाउनलोड, पानात बसवलेले यूट्यूब व्हिडिओ. ही यादी आधी पाहा, नाहीतर तेच पुन्हा हाताने लावाल आणि दोनदा मोजाल. फॉर्मची आपोआप होणारी मोजणी मात्र मी बंदच ठेवतो. फॉर्म आपल्या बाजूने खरोखर स्वीकारला गेला का, हे तिला कळत नाही. वरच्या गोष्टीतली माझी चूक ती रोज करू शकते.

दुसरी पायरी: नावं

नावांवर वेळ घालवणं नव्या माणसाला रिकामा उद्योग वाटतो. पण सहा महिन्यांनी रिपोर्ट उघडल्यावर 'फॉर्म_सबमिट', 'सबमिट_फॉर्म', 'फॉर्म-सबमिट' आणि 'कॉन्टॅक्ट_न्यू_फायनल' अशा चार ओळी समोर येतात आणि त्यांची बेरीज करायची की नाही हे सांगायला कुणीच उरलेलं नसतं. ज्याने त्या लावल्या, तो नोकरी सोडून गेलेला असतो.

काही बंधनं टूलची आहेत, ती पाळावीच लागतात. इव्हेंटचं नाव ४० अक्षरांपर्यंत, सुरुवात अक्षराने, आत फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर. 'गूगल_', 'जीए_', 'फायरबेस_' अशी सुरुवात चालत नाही. एका इव्हेंटबरोबर २५ पॅरामीटर, म्हणजे सोबतचे तपशील, जातात आणि पॅरामीटरची किंमत, म्हणजे त्यात भरलेला मजकूर, १०० अक्षरांपर्यंत असते. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं टूल वेगळी मानतं, म्हणजे एकाने 'एस' मोठा लिहिला आणि दुसऱ्याने लहान, तर रिपोर्टमध्ये दोन वेगळे इव्हेंट दिसतील.

पुढचं तुमच्या विवेकावर. आधी टूलने सुचवलेली नावं वापरा: खरेदीसाठी 'पर्चेस', चेकआउट सुरू होताना 'बिगिन_चेकआउट', चौकशीसाठी 'जनरेट_लीड', नोंदणीसाठी 'साइन_अप'. ही नावं वापरली की खरेदीचे तयार रिपोर्ट आपोआप भरतात. स्वतःच्या कल्पकतेने 'कोर्स_घेतला' असं नाव दिलंत तर ते रिपोर्ट रिकामे राहतील. जिथे सुचवलेलं नाव नाही तिथे क्रिया आणि वस्तू यांचा क्रम एकदा ठरवा आणि मोडू नका. 'धडा_सुरू', 'धडा_पूर्ण', 'धडा_शेअर' असं वस्तू आधी घेतलं, तर अक्षरानुक्रमात एका गोष्टीचे सगळे इव्हेंट शेजारी येतात. मला हा क्रम आवडतो. तुम्हाला उलटा आवडत असेल तर तोही चालेल, पण दोन्ही एकत्र नकोत.

सगळ्यात महाग चूक म्हणजे तपशील नावात कोंबणं. 'धडा_पूर्ण_गणित_मोबाइल_हिरवं_बटण' असं नाव दिलं की प्रत्येक कोर्सला, प्रत्येक बटणाला नवा इव्हेंट जन्माला येतो. इव्हेंट एकच ठेवा, 'धडा_पूर्ण', आणि कोर्सचं नाव, बटणाची जागा हे पॅरामीटरमध्ये द्या. मोबाइल की संगणक, हे टूलला तसंही कळतं.

पॅरामीटरबद्दल एक खाचखळगा, ज्यात जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी पडतो. पॅरामीटर पाठवला म्हणजे तो रिपोर्टमध्ये दिसेलच असं नाही. त्याची कस्टम डायमेन्शन (रिपोर्टमधला आपला स्वतःचा रकाना) म्हणून नोंद करावी लागते, आणि ती नोंद मागच्या तारखेपासून लागू होत नाही. आज नोंद केली तर आजपासून पुढचंच दिसेल. साध्या, बिनपैशाच्या खात्यात इव्हेंटच्या पातळीवर अशा ५० जागा मिळतात. त्या जपून वापरा. दिवसाला ५०० पेक्षा जास्त वेगवेगळ्या किमती येतील असं काही, उदाहरणार्थ सेकंदासकट वेळ किंवा प्रत्येक भेटीचा स्वतंत्र क्रमांक, तिथे भरू नका. रिपोर्ट अशा वेळी बारक्या ओळी गुंडाळून 'अदर' नावाच्या एका ओळीत टाकतो आणि तुम्हाला हवं ते नेमकं तिथे जाऊन बसतं.

तिसरी पायरी: शीट

एक साधी स्प्रेडशीट करा. खास सॉफ्टवेअर लागत नाही. एका इव्हेंटला एक ओळ. रकाने कोणते ते एका भरलेल्या ओळीवरूनच सांगतो.

इव्हेंट: 'जनरेट_लीड'. कोणत्या प्रश्नासाठी: चौकशी करणारे कोणतं पान वाचून येतात. नेमकं कधी: सर्व्हरने फॉर्म स्वीकारल्याचं उत्तर दिल्यावर, बटण दाबल्यावर नाही. पॅरामीटर: 'फॉर्म_नाव' (मजकूर, उदा. कोर्स_चौकशी), 'कोर्स_आयडी' (मजकूर, नसेल तर पाठवायचाच नाही). कधी होऊ नये: रकाना चुकल्यावर, पान रिफ्रेश केल्यावर. कोण पाहतं: विक्री विभाग. कोणी लावला, कधी तपासला: नाव आणि तारीख.

'कधी होऊ नये' हा रकाना मी त्या फॉर्मच्या फजितीनंतर सुरू केला. बाकीचे रकाने विसरलात तर निभावेल, हा विसरू नका. आणि 'कोण पाहतं' या रकान्यात नाव सापडलं नाही, तर तो इव्हेंट लावूच नका.

चौथी पायरी: डेटालेयर, आणि डेव्हलपरशी बोलणं

टॅग मॅनेजरमधून पानावरचं बटण ओळखायचे सोपे मार्ग असतात: त्याचा रंगरूप ठरवणारा क्लास (कोडमधलं एक नाव), त्यावरचा मजकूर. चार दिवसांच्या कॅम्पेनसाठी हे चालतं. पण पुढच्या रीडिझाइनमध्ये डिझायनर क्लास बदलतो, कुणीतरी 'आता नोंदणी करा'चं 'सुरुवात करा' करतं, आणि टॅग मुकाट्याने थांबतो. एरर येत नाही, ईमेल येत नाही, आलेख फक्त खाली जातो आणि सगळे बाजाराला दोष देतात.

म्हणून ज्या इव्हेंटवर पैशांचे निर्णय होतात, ते डेटालेयरमधूनच घ्या. खरेदी पूर्ण झाली की वेबसाइटने स्वतः चिठ्ठी ठेवावी: इव्हेंटचं नाव, व्यवहार क्रमांक, रक्कम, चलन, कोर्सची यादी. डेव्हलपरला शीटमधली ओळ आणि नमुना कोड दोन्ही द्या, आणि प्रत्येक पॅरामीटर कोणत्या स्वरूपात हवा ते लिहा. रक्कम म्हणजे नुसता अंक, त्यात स्वल्पविराम किंवा चलनाचं चिन्ह नको. चलन वेगळ्या पॅरामीटरमध्ये, तीन अक्षरी कोड म्हणून. इथे ढिलाई झाली की महसुलाचा रिपोर्ट शून्य दाखवतो आणि दोन दिवस कारण शोधण्यात जातात.

व्यवहार क्रमांकाचं महत्त्व वेगळं सांगायला हवं. 'धन्यवाद' पान लोक रिफ्रेश करतात, बुकमार्क करतात, दुसऱ्या दिवशी पावतीसाठी पुन्हा उघडतात. प्रत्येक वेळी 'पर्चेस' गेला तर विक्री फुगते. त्याच वापरकर्त्याकडून तोच व्यवहार क्रमांक पुन्हा आला तर ॲनॅलिटिक्स ४ तो एकदाच धरतं. पण कोडमधल्या चुकीमुळे क्रमांकाच्या जागी रिकामा मजकूर गेला, तर ते सगळे रिकामे क्रमांक एकच समजले जातात आणि खऱ्या खरेद्या गाळल्या जातात. क्रमांक मिळत नसेल तर रिकामा पाठवण्यापेक्षा तो पॅरामीटर वगळा आणि डेव्हलपरला गाठा.

पान पूर्ण न बदलता आतला मजकूर बदलणाऱ्या, म्हणजे सिंगल पेज पद्धतीच्या वेबसाइटवर 'पान उघडलं' हा साधा इव्हेंटही डोकेदुखी असतो. ॲनॅलिटिक्स ४ ब्राउझरच्या हिस्ट्रीतले बदल पाहून नवं पान मोजू शकतं. त्याच वेळी तुम्ही टॅग मॅनेजरमधूनही हिस्ट्रीवर ट्रिगर लावला असेल तर प्रत्येक पान दुप्पट. दोघांपैकी एकालाच काम द्या.

दुप्पट मोजणीचं आणखी एक जुनं कारण: थीममध्ये कुणीतरी कधीकाळी थेट चिकटवलेला ॲनॅलिटिक्सचा कोड, आणि वर टॅग मॅनेजरमधला तोच टॅग. नव्या वेबसाइटचं काम हाती घेतलं की मी पहिल्यांदा पानाचा मूळ कोड उघडून हा जुना पाहुणा शोधतो. तो असण्याची शक्यता चांगलीच असते.

पाचवी पायरी: कॅम्पेनचे दुवे

भेट कुठून आली हे कळावं म्हणून दुव्याच्या शेवटी ज्या खुणा जोडतात, त्यांना यूटीएम म्हणतात. यूटीएम म्हणजे 'अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल'. २००५ मध्ये गूगलने अर्चिन ही कंपनी घेतली, त्यातून गूगल ॲनॅलिटिक्स उभं राहिलं, आणि ही तीन अक्षरं आजही प्रत्येक जाहिरातीच्या दुव्याला लटकलेली आहेत.

'सोर्स' म्हणजे कुठून, 'मीडियम' म्हणजे कोणत्या प्रकारे, 'कॅम्पेन' म्हणजे कोणत्या मोहिमेतून. भांडणं बहुधा मीडियमवर होतात. ॲनॅलिटिक्स ४ मीडियम आणि सोर्स पाहून भेटीला चॅनलमध्ये, म्हणजे ती कोणत्या वाटेने आली त्या गटात, बसवतं: 'ईमेल', 'सीपीसी' (क्लिकमागे पैसे मोजायची जाहिरात) असे शब्द त्याला ओळखता येतात. कुणी हौसेने 'न्यूजलेटर_जानेवारी' असं मीडियम दिलं की ती भेट बहुधा 'अनअसाइन्ड'मध्ये, म्हणजे कुठल्याच गटात न बसलेल्यांत, जाते. म्हणून मीडियमच्या परवानगी असलेल्या शब्दांची छोटी यादी शीटच्या दुसऱ्या पानावर ठेवा आणि दुवे तिथल्याच ड्रॉपडाउनमधून तयार करा. हाताने टाइप करू दिलंत तर 'फेसबुक'ची पाच रूपं महिन्याभरात दिसतील.

स्वतःच्या वेबसाइटच्या आतल्या दुव्यांना यूटीएम लावू नका. होमपेजवरच्या बॅनरला लावलंत, तर सर्च इंजिनातून आलेल्या माणसाचं श्रेय तुमचाच बॅनर लाटतो. आतल्या बॅनरसाठी प्रमोशनचे वेगळे इव्हेंट आहेत.

याच्याच शेजारचा प्रश्न पेमेंट गेटवेचा. माणूस पैसे भरायला दुसऱ्या डोमेनवर जातो, परत येतो, आणि विक्रीचं श्रेय गेटवेला मिळतं. डेटा स्ट्रीमच्या सेटिंगमध्ये नको असलेल्या रेफरल्सची, म्हणजे ज्या साइटना श्रेय द्यायचं नाही त्यांची, यादी असते, तिथे गेटवेचं डोमेन टाका. पाच मिनिटांचं काम आहे. चेकआउट तुमच्याच मालकीच्या दुसऱ्या डोमेनवर असेल तर क्रॉस-डोमेनची, म्हणजे दोन्ही डोमेनवरची भेट एकच धरण्याची, मांडणी लागेल.

सहावी पायरी: संमती आणि खाजगी माहिती

युरोपचा जीडीपीआर हा खाजगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानंतर अनेक देशांनी स्वतःचे कायदे केले. तुमच्या वाचकांवर कोणता लागू आहे हे वकिलाला विचारा. टॅग लावणाऱ्याने पाहायचं ते हे: संमती मिळण्याआधी कोणता टॅग चालतो?

गूगलच्या कन्सेंट मोडमध्ये, म्हणजे संमतीप्रमाणे टॅगना वागायला लावणाऱ्या सोयीत, चार खुणा असतात: जाहिरातीची कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद), ॲनॅलिटिक्सची कुकी, जाहिरातीसाठी वापरकर्त्याची माहिती पाठवणं, आणि वैयक्तिक जाहिराती दाखवणं. या खुणांची मूळ स्थिती इतर सगळ्या टॅगच्या आधी ठरली पाहिजे. संमती विचारणारा बॅनर दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका. मी असे बॅनर पाहिले आहेत ज्यांवर 'नाकारा' दाबलं तरी मागे सगळे टॅग आनंदाने धावत असतात. शीटमध्ये प्रत्येक टॅगसमोर कोणती संमती लागते ते लिहा आणि 'नाकारा' दाबून स्वतः तपासा.

नाव, ईमेल, फोन नंबर ॲनॅलिटिक्समध्ये जाता कामा नयेत. गूगलच्या अटींतही त्याला मनाई आहे. मुद्दाम कुणी पाठवत नाही, ते पत्त्यातून गळतं. पासवर्ड बदलण्याच्या दुव्यात ईमेल असतो, शोधाच्या चौकटीत कुणी स्वतःचा फोन नंबर टाइप करतं, आणि पानाचा पूर्ण पत्ता तसाच्या तसा नोंदला जातो. ॲनॅलिटिक्स ४ मध्ये ईमेल झाकण्याची सोय आहे, पण खरा उपाय म्हणजे वेबसाइटने पत्त्यात ईमेल घालूच नये.

हिशेबात आणखी एक गोष्ट धरा. जावास्क्रिप्टने (पानावरच्या कोडने) ठेवलेली कुकी ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये, माणूस त्या वेबसाइटवर परतला नाही तर, ७ दिवसांत पुसली जाते. आठवडाभर विचार करून कोर्स घेणारा माणूस त्यामुळे 'नवा' ठरतो. नवे विरुद्ध जुने वापरकर्ते या आकड्यावर फार मोठे निर्णय बांधू नका.

सातवी पायरी: तपासणी

टॅग मॅनेजरच्या प्रीव्ह्यूमध्ये टॅग फायर झालेला दिसला, म्हणजे अर्धी तपासणी झाली. दुसरी अर्धी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये: विनंती खरंच बाहेर गेली का, एकदाच गेली का, तिच्यात पॅरामीटर बरोबर भरलेत का. तिसरा थांबा ॲनॅलिटिक्समधला डीबगव्ह्यू, जिथे तपासणीतले इव्हेंट पोचताना दिसतात. तिन्ही ठिकाणी जुळलं की पब्लिश करा.

तपासताना शहाण्यासारखं वागू नका. फॉर्म अर्धवट भरा, चुकीचा भरा, बटण तीनदा दाबा. चेकआउटमधून मागे जा, पान रिफ्रेश करा, ॲड ब्लॉकर लावा, जुन्या फोनवर उघडा. शीटमधला 'कधी होऊ नये' हा रकाना हीच तुमची तपासणीची यादी. पहिल्या आठवड्यात रिपोर्टमधल्या खरेद्या प्रत्यक्ष ऑर्डरच्या नोंदींशी रोज ताडून पाहा. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, कारण ब्लॉकर आणि नकार असतातच. पण फरक स्थिर हवा. एक दिवस थोडा आणि दुसऱ्या दिवशी निम्मा असा हलला, तर कुठेतरी गळती आहे.

स्वतःच्या टीमच्या भेटी गाळण्याचा फिल्टर लावाल तेव्हा आधी तो 'टेस्टिंग' स्थितीत ठेवा. चालू केलेल्या फिल्टरने गाळलेला डेटा परत मिळत नाही.

पब्लिश झाल्यानंतर

पब्लिश करण्याचा अधिकार दोन-तीन जणांकडेच ठेवा. बाकीच्यांना बदल करता येतील, पब्लिश करता येणार नाहीत. प्रत्येक आवृत्तीला नाव द्या आणि काय बदललं ते एका ओळीत लिहा. 'अपडेट', 'फिक्स', 'फिक्स २' अशा नावांच्या आवृत्त्यांमधून रात्री अकरा वाजता नेमकी चुकीची शोधणं काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. ॲनॅलिटिक्स ४ च्या साध्या खात्यात बारीक डेटा मुळात २ महिनेच ठेवला जातो. सेटिंगमध्ये तो १४ महिने करता येतो. हे पहिल्याच दिवशी करा, कारण पुसला गेलेला डेटा नंतर सेटिंग बदलून येत नाही.

दर तिमाहीला शीट उघडा आणि 'कोण पाहतं' या रकान्यातल्या माणसांना विचारा, शेवटचं कधी पाहिलंत? उत्तर आठवत नसेल तर टॅग लगेच डिलीट करू नका, थांबवा. कुणीतरी ओरडतं का पाहा. दोन महिने शांततेत गेले की कंटेनरमधून काढा आणि शीटमध्ये ती ओळ तशीच ठेवून समोर 'बंद' आणि तारीख लिहा. जुना रिपोर्ट उघडून "हा आलेख इथे का संपतो?" असं कुणी विचारलं, की उत्तर त्या ओळीत सापडतं.